एका तापलेल्या कॉम्प्युटरचं गाऱ्हाणं

मी जोतीराम हवालदारांच्या घरचा कॉम्प्युटर बोलतोय. मुक्काम कुंडल, तालुका पलूस. म्हणजे परवापर्यंत होता. जरा सावकाश बोलेन, चालवून घ्या; घाई करायचे माझे दिवस गेले.

मला कुठल्या कंपनीनं तयार केलं नाही. फौजेत सिग्नलला वायरलेस सेट दुरुस्त करून हवालदार पेन्शनवर घरी आले. पोरगा शिवतेज अकरावीला गेला तेव्हा म्हणाले, "तयार आणायचा न्हाई. आपुन जोडायचा." सांगलीला तीन खेपा झाल्या. सोप्यात चादर अंथरून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन त्यांनी मला जोडलं. पहिल्यांदा पंखा फिरला तेव्हा त्यांच्या बायकोनं, साळूबाईंनी, माझ्या कपाळावर हळदकुंकू लावलं. माझं कपाळ कुठलं हे त्यांनीच ठरवलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

शिवतेज शिकला, भरती झाला, बापासारखाच फौजेत गेला. मला वाटलं, सुटलो एकदाचा. कसलं काय! त्याचं लग्न झालं आणि साताऱ्याची संयोगिता सून म्हणून आली, सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन. नकाशा बघून, अजून न बांधलेल्या घराचं हुबेहूब चित्र काढायचं तिचं काम. भिंतीवर ऊन, अंगणात सावली, खिडकीला काच, सगळं खरं वाटलं पाहिजे. ती बटण दाबून मोकळी व्हायची आणि एकेका चित्रापायी मी चार-चार तास धापा टाकत बसायचो.

झेपेल का, असं मला कुणी विचारलं? नाव नको. आधी मेमरी वाढवली. मग डिस्क बदलली. मग सुट्टीवर येताना शिवतेजनं ग्राफिक्स कार्ड आणलं. ते कार्ड म्हणजे घरात आणून ठेवलेला पैलवान! खुराक त्याला आणि पोसायचं मी. सगळं नवं घातलं, पण ज्यावर हे सगळं बसवायचं तो मदरबोर्ड तेरा वर्षांचा जुनाच. त्याला हात लावायला हवालदार तयार नव्हते.

त्यात कुंडलचा उन्हाळा. माझं एका बाजूचं दार काढून समोर टेबलफॅन लावला. शेजारच्या रानात उसाचं पाचट पेटवलं की काजळी उडत यायची आणि तो फॅन ती सरळ माझ्या पोटात फुंकायचा. मी तापून बंद पडायचो. "लाइटीचा घोळ हाय," हवालदार म्हणायचे. लाइटीला बिचारीला उगाच शिव्या.

खरं काय ते त्यांना माहीत होतं. दिवाळीच्या साफसफाईत सायकलच्या पंपानं धूळ उडवताना त्यांनी आत टॉर्च मारला होता. बोर्डावरचे चार कॅपॅसिटर, वीज साठवणारे ते इवलेसे डबे, डोक्यावर फुगून वर आले होते. वायरलेस दुरुस्त केलेला माणूस. बोर्ड आता कधीही जाणार, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी टॉर्च विझवला. मग दार लावलं आणि बाहेर जाऊन म्हणाले, "एकदम बेस हाय."

मला त्यांचा राग आला. आणि कीवही आली.

एप्रिलमध्ये साताऱ्याच्या एका आर्किटेक्टबाईंनी संयोगिताला तीन घरांची चित्रं करायला दिली. सोमवारी सकाळी दहापर्यंत तिन्ही पोचली, तर घरबसल्या कायमचं काम. नाहीतर दुसरी मुलगी तयारच होती. तीन वर्षं संयोगिता अशा कामाची वाट बघत होती. तिनं आधीच विचारलं, "मामा, नवा घेऊया का? ह्याचा भरवसा वाटत नाही मला."

"आगं, ह्यो मी जोडलाय," सासरे म्हणाले. तेवढंच.

दोन चित्रं झाली. रविवारी दुपारी तिसरं अर्ध्यावर आलं आणि मी बंद पडलो. संयोगिता पाणी प्यायला आत गेली होती. साळूबाईंनी माझ्यावर हात ठेवला आणि चटकन मागं घेतला.

"आगं बया, किती तापलंय लेकरू!"

माठाला ओलं फडकं गुंडाळतात ना, तसं त्यांनी सुती लुगड्याचं फडकं भिजवलं, पिळलं आणि माझ्या डोक्यावर घातलं. तेरा वर्षांत माझ्यासाठी एवढ्या मायेनं कुणी काही केलं नव्हतं. मी सुखावलो. तेवढ्यात संयोगितानं येऊन बटण दाबलं. टक् असा आवाज झाला, जळका वास आला आणि मी संपलो.

"आत्या, हे काय केलंत!"

साळूबाईंनी फडकं ओढून काढलं. "मी मारलं गं त्याला. माझ्यामुळं तुजं काम गेलं," म्हणून पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मला ओरडून सांगावंसं वाटलं की नाही हो, तुमचं पाणी आत आलंच नाही. पण मला कुठलं तोंड?

हवालदारांनी माझ्या आत डोकावून बघितलं. आत ओल नव्हती, फक्त ते चार फुगलेले कॅपॅसिटर फुटले होते. त्यांना गप्प राहता आलं असतं. बायको स्वतःहून दोष घेत होती, सुनेनं तो दिलाही होता.

"साळू, रडू नगंस," ते म्हणाले. "फडक्यानं न्हाई गेला. दिवाळीतच फुगलेलं बघितलंतं मी."

"आवं, मग बोलला का न्हाई?"

"न्हाई बोललो. माझ्या हातचं हाय, इतक्यात जाईल आसं मनाला पटंना."

संयोगिता म्हणाली, "मामा, तेव्हाच सांगायचं होतंत. माझं काम जाईल आता."

"व्हय," ते म्हणाले. "चुकलं माझं, पोरी."

फौजेतल्या माणसाला सुनेपुढं हे म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मग त्यांनी माझी डिस्क काढली, रुमालात बांधली आणि सुनेला गाडीवर मागं बसवून पलूसला राजवर्धन म्हणून एकाच्या फ्लेक्स छापायच्या दुकानात नेलं. तिथल्या तरण्या मशिनीनं चाळीस मिनिटांत तिसरं चित्र काढलं. चाळीस मिनिटं! जाऊ दे.

काम संयोगिताला मिळालं. नवा कॉम्प्युटर आला, तो तिनं निवडला. 

परवा त्यांनी मला पलूसला भंगारवाल्याकडं आणलं. सगळे असल्या वेळी "मला टाकू नका" म्हणून गयावया करतात. मी नाही करणार. मला फार दमायला झालंय. मागणं एकच: तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी तापत असेल, तर आत डोकावून बघा, आणि जे दिसेल ते त्याच दिवशी घरच्यांना सांगा.

परवा तिथं पोचल्यावर भंगारवाल्यानं सवयीनं माझी वायर उचलली. "लावून बघू का? जोडजाड करून होतोय का चालू?"

हवालदारांनी त्याच्या हातातली वायर काढून घेतली.

"नगं रं गड्या," ते म्हणाले. "ऱ्हाऊ दे त्याला निवांत."