फिनिशचा दोष

माणसं फोनबद्दल जेवढं खोटं बोलतात, तेवढं वयाबद्दलही बोलत नसतील. "पडला नाही हो मॅडम, टेबलावर नुसता ठेवला होता." हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. म्हणून मी गिऱ्हाइकाला काही विचारतच नाही, थेट फोनलाच विचारते.

महागड्या फोनच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मागच्या खोलीत माझं टेबल आहे. त्यावर एक पांढराशुभ्र दिवा आणि डोळ्याला लावायचं भिंग. फोन दिव्याखाली आडवा धरायचा आणि हळूहळू फिरवायचा, की कडा बोलायला लागतात. किल्ल्यांच्या शेजारी खिशात राहिलेल्या फोनला केसासारखे ओरखडे येतात. हातातून निसटलेला फोन बहुतेक वेळा कोपऱ्यावर पडतो आणि त्या कोपऱ्यात जमिनीची कच रुतून बसते. हे सगळं गिऱ्हाइकाच्या माथी. रंगाचा थरच मुळात कच्चा निघाला, तर मात्र तो फिनिशचा दोष, आणि तेवढाच फोन फुकट बदलून मिळतो.

यंदाच्या गडद निळ्या मॉडेलमध्ये हा दोष खरोखरच होता. कॅमेऱ्याच्या कडेचा रंग पापुद्र्यासारखा सुटायचा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! आमचे साहेब इतके वैतागले होते की निळा फोन दिसला की न बघताच सही करायचे.

त्या दुपारी माझी धाकटी बहीण तोच निळा फोन घेऊन काउंटरवर आली. सोबत तिचा नवरा.

धाकटीला आमच्या घरी सगळे धांदरट म्हणतात. लहानपणी तिच्या हातून इतक्या कपबश्या फुटल्या, की आई तिला स्टीलच्या पेल्यातच चहा द्यायची. मागच्या महिन्यात तिनं घरच्या ग्रुपवर फोनच्या कोपऱ्याचा आरशात काढलेला फोटो टाकला होता. "ताई, याचा रंग का गेला असेल?" मी लगेच लिहिलं, "कारण तो तुझ्या हातात आहे." सगळे हसले. जावईबापूंनी तर हसऱ्या चेहऱ्यांची रांगच लावली. धाकटीनं पुढे काही लिहिलं नाही, आणि मीही विसरून गेले.

जावईबापू म्हणजे आमच्या घरचं कौतुक. बोलणं मऊ, कपड्यांना सुरकुती नाही, बाबांची औषधं न सांगता आणून देणारा.

"ताई, आता तुम्हीच न्याय करा," तो हसत म्हणाला. "दोघांचे फोन एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतले. हा माझा बघा."

त्यानं मऊ कापडाच्या पिशवीतून आपला फोन काढला. अगदी आत्ता खोक्यातून बाहेर आल्यासारखा. एक ओरखडा शोधून दाखवा म्हणावं.

"आणि हा हिचा. पीसच खराब आहे. नाहीतर मग आमच्या धांदरटबाईंची कमालच म्हणायची!"

धाकटी हसली. पण हसताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

"बसा तुम्ही दोघं," म्हणत मी फोन घेऊन आत गेले. वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे.

कॅमेऱ्याची कड आधी पाहिली. रंग घट्ट बसलेला होता, नखानंही हलेना. म्हणजे दोष नाही. सख्ख्या बहिणीला नाही म्हणायची वेळ माझ्यावर आली, म्हणून मी स्वतःशीच चरफडले. मग चेपलेला कोपरा भिंगाखाली धरला. कच दिसेल अशी माझी खात्री होती. कच नव्हतीच. धातूच्या फटीत पिस्ता रंगाची बारीक पूड दाबून बसली होती.

तो रंग मी ओळखला. धाकटीच्या झोपायच्या खोलीच्या भिंतींचा. रंगाच्या दुकानात ती आकाशी म्हणत होती आणि मीच पिस्त्यावर अडून बसले होते.

हातातून सुटलेला फोन जमिनीवर पडतो. भिंतीवर जायला तो कुणीतरी फेकावा लागतो.

मी दुसरा कोपरा पाहिला. तिथंही पिस्ता. तो घाव जुना होता, हाताच्या तेलकटपणानं काळवंडलेला. तिसरा मात्र ताजा, आतला धातू चकाकत होता. म्हणजे हे एकदा झालेलं नव्हतं. रोज लोकांचे फोन वाचणारी मी, आणि बहिणीनं पाठवलेल्या फोटोवर विनोद करून मोकळी झाले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आणि मग माझ्या मनात दुसरंच काही आलं. भिंतीला लागलेल्या फोनवर खूण राहते. माणसाला लागलेल्या फोनवर काहीच राहत नाही. मऊ जागी आदळलेला फोन साफ असतो. ती खूण फोनवर शोधून सापडायची नाही.

बाहेर अंगाची लाही होत होती, आणि धाकटी मनगटापर्यंत बटणं लावून बसली होती.

मी बाहेर आले. चेहरा शक्य तितका कोरा ठेवला.

"फोनचं कुलूप उघडायला लागेल," मी म्हटलं. "मालकानं एकट्यानं आत यायचं, असा नियम आहे."

"मी सांगतो ना, मला तोंडपाठ आहे तिचा पासवर्ड," तो उठत म्हणाला.

"मालकाचं बोट लागतं, जावईबापू. तुम्ही बसा. पाणी पाठवते."

धाकटी आत आली. मी दार लावलं. दाराला धुरकट काच आहे, पलीकडची माणसं नुसती सावलीसारखी दिसतात.

"दोष आहे ना गं?" तिनं लगेच विचारलं.

"नाही."

"तरी लिही ना, ताई. तुला काय, एका सहीचं तर काम. नवा मिळाला की तो शांत होतो."

"होतो?"

मी भिंग तिच्या हातात दिलं आणि कोपरा दिव्याखाली धरला. तिनं पाहिलं. तो रंग तिनंही ओळखला, मला तिच्या श्वासावरून कळलं.

"पडला गं माझ्या हातून. मी आहेच धांदरट."

"भिंतीवर पडला?"

ती रडली नाही. मलाच रडू येत होतं, आणि रागही असा आला होता की फोनवरची बोटं पांढरी पडली. दोष लिहिणं मला सहज जमलं असतं. साहेबांनी डोळे झाकून सही केली असती, धाकटी कोरा फोन घेऊन त्या पिस्ता खोलीत परत गेली असती, आणि खुणा आमच्या भंगाराच्या पेटीत गेल्या असत्या. खरं लिहिलं असतं, तर त्याचा जाब तिला घरी गेल्यावर द्यावा लागला असता. दोन्हीकडून मरण तिचंच.

"आईला काही बोलू नकोस," ती म्हणाली. "आपलेच दात, आपलेच ओठ. आणि तो वाईट नाहीये गं. राग आला की त्याला भान राहत नाही, एवढंच. हातात येईल ते फेकतो."

"हातात येईल ते?"

"हो ना."

"मग त्याचा स्वतःचा फोन कधीच कसा आला नाही हातात?"

तिनं काचेपलीकडच्या सावलीकडे पाहिलं. तो कापडी पिशवीतला फोन तिला रोज दिसत होता, पण असा बहुतेक आत्ताच दिसला असावा. ज्याला आपली वस्तू इतकी जपता येते, त्याचं भान कुठंही गेलेलं नसतं.

तिनं बाहीचं बटण काढलं. बाही कोपरापर्यंत वर सरकवली आणि हात दिव्याखाली ठेवला.

सवयीनं मी तो हलकेच धरून फिरवला. पिवळट पडलेला डाग जुना. हिरवट त्यानंतरचा. कोपराजवळचा जांभळा, तो एक-दोन दिवसांतला. भिंगाची गरज नव्हती.

काचेवर टकटक झाली.

"ताई, झालं का? काय निघालं?" तोच मऊ आवाज.

मी तोंड उघडलं, पण धाकटीनं माझं मनगट घट्ट धरलं.

"फोनमध्ये दोष नाहीये," ती म्हणाली. आवाज दाराबाहेर ऐकू जाईल एवढा मोठा होता. "आणि तो माझ्या हातून पडलेला नाही."

मग दाराची मूठ फिरली. पुन्हा फिरली, जोरात.

कडी मी आधीच लावली होती.