काचांची वाढ

भोसरीला अण्णासाहेबांच्या कारखान्यात काच कधी फुटत नसे, वाढत असे. हे खूळ केसरबाईचं. पिंपळे गुरवची ही बाई तुकडे गोळा करायच्या कामाला लागली, त्याच दिवशी एका हमालाने "काच फुटली!" अशी बोंब ठोकली. केसरबाई झाडू उगारूनच त्याच्यावर गेली. "फुटली म्हनू नगं मेल्या, वाढली म्हन. बांगडीला काय म्हनतो आपन? भाकरी हाय ती आपली." हमालाने कान पकडले, आणि पुढे सगळ्यांनाच ती सवय लागली. अण्णासाहेब स्वतःसुद्धा संध्याकाळी शेडमध्ये डोकावून विचारत, "केसरबाई, आज किती वाढल्या?"

वाढल्या तरी फार वाढत नसत, कारण कापायला ज्योतीराम होता. तळवड्याचा हा गडी कारखाना उघडला तेव्हापासून बसच्या खिडक्यांच्या काचा कापत आला होता. पट्टी लावायची, हिऱ्याच्या टोकाची हिरकणी एका दमात ओढायची, मग दोन्ही अंगठे दाबले की काच मुकाट्याने दोन होई. बघणाऱ्याला वाटे, यात काय मोठंसं! करायला गेला की समजे.

पण गेल्या पावसाळ्यापासून ज्योतीरामाच्या उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या होत्या. आधी नुसत्या रात्री, मग दिवसाढवळ्या, आणि दिवाळीपर्यंत अंगठा असा बधिर झाला की त्यात काटा रुतला तरी कळू नये. हे त्याची बायको सोजरबाई सोडून कोणालाच माहीत नव्हतं. वळणाच्या काचा तो गोडीगुलाबीने शेजारच्या सयाजीकडे सरकवी, सरळ कापाच्या स्वतःकडे ठेवी, आणि चहाचा पेला डाव्या हातात धरून उजवा खिशात घालून उभा राही. लोकांना वाटे, ज्योतीराम हल्ली ऐटीत राहतो.

म्हणून अठ्ठ्याहत्तर साली काच कापायची मशीन आली तेव्हा बाकीच्यांची तोंडं उतरली आणि ज्योतीराम एकटा मनातून हरखला. लांबलचक टेबल, त्यावर आडवा दांडा, दांड्याला पोलादी चाक. बटण दाबलं की चाक काचेवर रेघ मारत पळे. बटण दाबायला अंगठा शाबूत लागत नाही. ज्योतीरामाने सगळ्यांच्या आधी हात वर केला, तोही डावा.

"चालव तू," अण्णासाहेब म्हणाले. "मशीन महिनाभर बघायला आणलीय. हातकामापेक्षा जास्त वाढल्या तर परत पाठवू. आपला ज्योतीराम आहेच की!"

ते कौतुकाने म्हणाले, पण ज्योतीरामाने उजवा हात खिशात आणखी खोल घातला. मशीन परत गेली की पुन्हा हिरकणी हातात येणार, आणि मग चार दिवसांत सगळं उघड्यावर येणार. बिनहाताचा कारागीर ठेवतंय कोण!

मशीनबरोबर मद्रासहून विश्वनाथन नावाचे इंजिनियर आले होते. माणूस सज्जन, कामाला वाघ, आणि एक हौस अशी की जिथे जाईल तिथली भाषा बोलायचीच. मराठी ते पुस्तकातून शिकले होते. पुस्तकात 'वाढणे' या शब्दापुढे जे लिहिलेलं असतं तेच लिहिलं होतं. बांगड्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

त्यातच अण्णासाहेब मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नाला सोलापूरला गेले. मशीन नुसती रेघ मारी. काच तोडायचं काम भिंतीपलीकडच्या शेडमध्ये चाले. विश्वनाथन मशीनचं टेबल सोडून हलत नसत. संध्याकाळी केसरबाई पाटी घेऊन दारात आली की ते मोठ्या उत्साहाने विचारत, "बाई, आज किती?"

"आज जरा जास्तच वाढल्या, सायेब," केसरबाई तोंड पाडून सांगे.

"उत्तम! उद्या अजून वाढेल!" म्हणत साहेब पाना घेत आणि चाकाचा दाब थोडा वाढवत. चाक जितकं जोरात बसेल तितकं काम वाढेल, असं त्यांचं साधं गणित होतं. दाब जास्त झाला की रेघ खोल जाई, आणि तोडताना काच भलतीकडेच फाटे. दुसऱ्या दिवशी अर्थातच अजून वाढत.

ज्योतीरामाला काही सुधरेना. एकदा धीर करून तो म्हणाला, "सायेब, लई वाढायला लागल्या ओ."

साहेबांनी त्याची पाठ थोपटली. "तुझ्यामुळे वाढतात, ज्योतीराम! फक्त तुझ्यामुळे!"

त्या दिवशी ज्योतीराम जेवला नाही. माणूस टोमणा मारतोय म्हणावं तर चेहरा देवासारखा. कोणाला विचारायची सोय नव्हती; गवगवा झाला तर मशीन जाणार. तो गप्प राहिला, आणि मागच्या बाजूचा तुकड्यांचा ढीग पत्र्याला टेकला.

अण्णासाहेब परतले त्या सकाळी विश्वनाथन पेढ्यांचा पुडा घेऊन फाटकातच उभे. "अण्णासाहेब, तोंड गोड करा! काल सत्तर काच वाढला!"

अण्णासाहेबांचा पेढा हातातच राहिला. "सत्तर? आणि पेढे वाटताय?"

केसरबाईने डोक्याला हात लावला. मग साहेबांना बाहीला धरून मागे नेलं आणि ढीग दाखवला. "ह्यी बघा तुमची वाढ!"

साहेबांनी ढिगाकडे पाहिलं, हातातल्या पुड्याकडे पाहिलं, आणि चपला फटफटवत ते मशीनकडे धावले. दाबाचा स्क्रू त्यांनी पहिल्या दिवसाच्या खुणेवर आणला. मग एकामागून एक काचा गेल्या, पलीकडे सयाजीने तोडल्या, आणि एकीलाही तडा गेला नाही. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. साहेबही हसले, पण त्यांचे डोळे पाणावले होते.

"म्हणजे मशीन बरी आहे, मराठी वाईट आहे," अण्णासाहेब म्हणाले. "तरी एकदा मशीनशेजारी हात बघू. ज्योतीराम, घे हिरकणी. तूही एक काप."

सगळे टेबलाभोवती जमले. नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं. ज्योतीरामाने पट्टी लावली, हिरकणी धरली, ओढली. अर्ध्यावर बोटांतली पकड सुटली, रेघ नागमोडी गेली, आणि अंगठे दाबताच काच तीन ठिकाणी तडकली.

अण्णासाहेबांचा चेहरा लाल झाला. "मुद्दाम केलंस! मशीन राहावी म्हणून काच घालवलीस? तू?"

हा 'तू' ज्योतीरामाला सोसला नाही. आयुष्यात एक काच त्याने मुद्दाम वाया घालवली नव्हती. "न्हाई अण्णासाहेब," तो म्हणाला. "हात गेलाय माजा. पावसाळ्यापास्नं अंगठ्याला काय कळत न्हाई. मशीन परत गेली तर मी कुटं जानार, म्हनून बोललो न्हाई."

अण्णासाहेब पुढे आले. त्यांनी त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला, अंगठ्याला नख टोचून पाहिलं. ज्योतीराम हलला नाही, कारण त्याला कळलंच नव्हतं. तेव्हा अण्णासाहेब मटकन स्टुलावर बसले.

"या हातावर पत्रे चढले कारखान्याचे," ते म्हणाले. "मशीन परत गेली असती तरी तुला कुठं धाडणार होतो मी? तसं वाटलंच कसं तुला? उद्या डॉक्टरकडे माझ्याबरोबर चलायचं. आणि ही मशीन इथंच राहील, तिच्यावर तूच राहशील."

सयाजीने मुकाट्याने टेबलावर नवी काच आणून ठेवली. खिशात घालायला निघालेला उजवा हात ज्योतीरामाने तसाच बाहेर राहू दिला, सगळ्यांच्या देखत, आणि डाव्या हाताने बटण दाबलं.