ऑझेलाची रविवारची चाल

व्हर्लीन गँटनं चर्चच्या बायकांना मुद्दाम चार वाजता, रेकॉर्डिंग उरकल्यावर, बोलावलं होतं. त्या दोनलाच हजर. "चारला येऊन मासे तळायचे कधी, आणि या पोरांनी जेवायचं कधी?" म्हणत त्यांनी कढया चढवल्यासुद्धा.

हॉल चर्चचाच. पास्टरांनी इतक्या उत्साहानं देऊ केला की तिला नाही म्हणता आलं नव्हतं. भिंतीवर चर्चच्या थोर बायकांचे फोटो होते. तिसरा तिच्या आईचा, ऑझेलाचा: पांढरा पोशाख, पांढरी टोपी, मांडीवर गिटार. त्या फोटोखाली मेम्फिसहून आलेले सहा गिटारवाले वायरी पसरून बसले होते. ऑझेलाची गाणी वाजवून तिच्या नावाचा अल्बम काढायला आले होते ते. तरुणपणी तिनं ब्लूजची चारच गाणी रेकॉर्ड केली. बाटलीचा गळा बोटात घालून तारांवरून सरकवायची तिची तऱ्हा पुढं कितीतरी पुरुषांनी उचलली आणि नाव काढलं. ऑझेला लोकांचे कपडे धूत राहिली.

आज लेकीनं खरं तर आनंदानं नाचायचं. पण तीन गाणी झाली होती आणि चौथं राहिलं होतं. 'बूट काढ ना, राजा.'

व्हर्लीन सात वर्षांची असताना ऑझेलानं गुत्त्यात वाजवणं सोडलं आणि चर्चची वाट धरली. ब्लूज म्हणजे सैतानाचं गाणं, ते दाराबाहेर ठेवूनच आत यायचं. ऑझेलानं शब्द बाहेर ठेवले. या गाण्याची चाल मात्र आत आणली. दानाची थाळी फिरताना चाळीस वर्षं तिनं तीच वाजवली. ती गेली, तरी दर रविवारी तीच वाजते, आणि अख्खं चर्च त्या ठेक्यावर येशूचं नाव घेत पुढं सरकतं. हे ठाऊक एकट्या व्हर्लीनला. आज बायकांना कळलं, तर आईचा फोटो त्या भिंतीवर राहील का?

"हे एक गाळलं तर नाही का चालणार?" तिनं हळूच विचारलं.

डॅमॅरिस, या गिटारवाल्यांची म्होरकी, तारा जुळवत होती. तिची तीन महिन्यांची लेक सकाळपासून व्हर्लीनच्याच खांद्यावर होती.

"अहो मिस व्हर्लीन, तिचा खरा हात याच गाण्यात आहे. हे गाळायचं, तर कव्हरवर दुसऱ्या कुणाचं नाव घालू."

बाळानं मानेत नाक खुपसलं. कोवळा, दुधाळ वास. व्हर्लीननं त्या एवढ्याशा पाठीवरून हात फिरवला, एकदा फोटोकडं पाहिलं.

"वाजवा," ती म्हणाली.

पहिला सूर सरकला आणि स्वयंपाकघरातला झारा थांबला. मग कुणीतरी गुणगुणलं. मग टाळ्या. आणि ॲप्रनवाल्या चौघी एकामागून एक दारातून बाहेर आल्या, डावा हात पाठीशी, रविवारी दानाची थाळी घेऊन निघतात त्याच चालीत!

"अगं बाई, ही तर आपली दानाची चाल!" त्यांतली सिस्टर फ्लोरीन म्हणाली. चर्चमध्ये कुणाचा झगा गुडघ्याच्या वर गेला, तर तिच्या नजरेनंच खाली यायचा. "तुम्हाला कुणी शिकवली ही?"

"ऑझेलाच्या रेकॉर्डवरच आहे की," एक गिटारवाला भाबडेपणानं म्हणाला. "'बूट काढ ना, राजा'."

दारात उभ्या तरुण पास्टरांचं तोंड उघडंच राहिलं. व्हर्लीननं डोळे मिटून घेतले.

"चुकतंय," कोपऱ्यातून आवाज आला. मदर ल्युडी, चर्चमधली सगळ्यांत थोरली, वय चौऱ्याण्णव. "पळवताय फार."

"म्हणजे हो?" डॅमॅरिसनं विचारलं.

"पळवायची ती रविवारी. सगळ्यांच्या कोंबड्या घरी ओव्हनमध्ये असायच्या ना! शनिवारी गुत्त्यात हळू वाजायची. अशी कंबरेतून."

"मदर, तुम्हाला कसं ठाऊक?" पास्टर.

"कसं म्हणजे? नाचलेय मी त्यावर. नवरा तिथंच गावला मला."

व्हर्लीननं डोळे उघडले. "फ्लोरीन, तुलाही ठाऊक होतं?"

फ्लोरीन ॲप्रनला हात पुसत राहिली. "आम्हा सगळ्यांना तुझ्या आईनंच सांगितलं होतं. पण तिनं शपथ घातली होती, व्हर्लीनपाशी बोलायचं नाही, पोरीला लाज वाटेल. मघाशीसुद्धा वेड पांघरूनच विचारलं. चाळीस वर्षं जीभ चावून बसलेय गं मी. मी!"

व्हर्लीनला इतकं हसू फुटलं की बाळ दचकलं आणि त्याला उचक्या लागल्या.

"म्हणजे फक्त मलाच..." पास्टर पुटपुटले.

"तुम्ही गेल्या इस्टरला आलात, पास्टर," मदर ल्युडीनं त्यांची समजूत काढली. "सांगणारच होतो."

डॅमॅरिसनं लय सैल सोडली, कंबरेतून. एक माइक बायकांकडं वळवला. "टाळ्या राहू देत. पण गाणार कोण? रेकॉर्ड इतकी झिजलीय की निम्मे शब्द कळतच नाहीत."

"मला येतात," व्हर्लीन म्हणाली.

"सगळे?"

"सगळे. न सांगण्याजोगेसुद्धा."

तिनं बाळ पास्टरांच्या हातात दिलं आणि माइकपाशी जाऊन उभी राहिली.