हत्तीचा कान

मी पोटासाठी खेळणी मोडते. चेष्टा नाही, नोकरीच तशी आहे. बाजारात जाण्याआधी खेळणी आमच्या प्रयोगशाळेत येतात. अस्वलाचा डोळा चिमट्यात धरायचा, ठरलेल्या जोरानं ओढायचा आणि दहापर्यंत मोजायचं. डोळा टिकला तर पास. निघालाच, तर एक छोटी नळी असते, लहान मुलाच्या घशाएवढी, तिच्यात टाकून बघायचा. मावला की अख्खी खेप नापास. बारा वर्षं मी हेच करतेय आणि मला त्याचा अभिमान आहे. कुठल्याशा घरात कुणाचं तरी लेकरू माझ्यामुळे गुदमरलं नाही, हे त्या घराला कधी कळणार नाही. न कळेना का!

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. माझे हात घरीही गप्प बसत नाहीत. लेकीसाठी आलेलं प्रत्येक खेळणं आधी माझ्या तावडीतून सुटावं लागतं. त्यामुळे आमच्याकडच्या बाहुलीला बूट नाहीत, ससा बिनशेपटीचा आहे आणि गाडी तीन चाकांवर चालते. तिच्या आत्यानं हौसेनं पाठवलेल्या कापडी हत्तीचे दोन्ही डोळे तर मी पहिल्याच संध्याकाळी उपटले आणि तिथे टाके घातले. सासूबाई म्हणतात, "यम तरी वेळ बघून येतो!"

लेक पाच वर्षांची आहे. घरात सगळे तिला टिचकी म्हणतात. मी सकाळी आठला बाहेर पडते आणि दिवे लागल्यावर परत येते. नवरा बेकरीत कामाला. पहाटे जातो, दुपारी येऊन झोपतो. टिचकीचा दिवसभराचा संसार आजीबरोबर.

वर्षअखेरीला आमची प्रयोगशाळा चार दिवस बंद असते. गेल्या वर्षी त्या सुट्टीत मी मोठ्या उत्साहानं तिच्याबरोबर खेळायला बसले होते. पंधरा मिनिटं झाली असतील. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पाहुण्यांशी बोलावं तशा गोड आवाजात म्हणाली, "आई, तू दमली असशील. जा, आत जाऊन बस." तोंडात मारल्यासारखं झालं. वर्षभर ते वाक्य मला कुसळासारखं टोचत होतं. यंदा मी मनाशी ठरवलंच होतं की काहीही झालं तरी टिचकीनं मला तिच्या खेळातून उठवता कामा नये. दुसरं काही नको होतं मला त्या सुट्टीत.

पहिल्याच दुपारी तिनं जेवणाच्या टेबलावर दोन चादरी टाकल्या आणि आत शिरली. मी बाहेर उकिडवी बसले.

"येऊ का गं आत?"

आतून आधी खुडबुड ऐकू आली. मग, "तुला डोळे मिटता येतात?"

"हे काय विचारणं झालं?"

"मध्येच उघडायचे नाहीत. आमच्याकडे कुणीच बघत नाही."

मी डोळे मिटले. एका चिमुकल्या हातानं माझं बोट धरलं आणि मला ओढून आत घेतलं.

आता सांगते ते नीट सांगता येईल की नाही, मला शंका आहे. तिथे एक देश होता. त्या देशाचा मुख्य म्हणजे तोच कापडी हत्ती, कारण त्याला अजिबात दिसत नाही. बाकीच्यांना थोडंफार दिसतं, पण त्यांनी त्याच्यासाठी डोळे मिटायचे असा नियम. रस्ता शोधायचा तो कानांनी. फ्रिज घुरघुरतोय तोवर दिवस, थांबला की रात्र. आजीच्या सपातांचा आवाज येतो तिकडे बाजार. भिंतीपलीकडे समुद्र आहे, तो फक्त दुपारी असतो.

"समुद्र?"

"गप. ऐक."

मी ऐकलं. भिंतीपलीकडे माझा नवरा घोरत होता. लाट यायची, वर चढायची, क्षणभर थांबायची आणि फेसाळत मागे जायची. लग्नाला नऊ वर्षं झाली. त्या घोरण्यावरून आम्ही भांडलो, उशा फेकल्या, वेगळ्या खोलीत झोपलो. पण त्यात समुद्र आहे हे मला कधी ऐकू आलं नव्हतं.

टिचकी मला रांगत रांगत पुढे नेत होती. सहा पावलांत संपणारी आमची खोली कुठच्या कुठे पसरली होती. गळका नळ म्हणजे मोठं घड्याळ. खिडकीची फट शिट्टी वाजवते, तिथे देश संपतो, पलीकडे जायचं नाही. मी थक्क झाले. शब्द साधा आहे, पण दुसरा सुचत नाही. माझ्याच घरात माझ्या पाठीमागे एवढं सगळं उभं राहिलं होतं, तेही मी मोडून टाकलेल्या वस्तूंवर, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"हा मुख्य," टिचकीनं हत्ती माझ्या हातात दिला. "विचार त्याला, पुढे जाऊ का."

मी विचारलं. खरंच विचारलं, मनापासून. पण बोटं म्हणजे माझीच. त्यांना हत्तीचा कान सापडला, कानाची शिवण सापडली. मला कळायच्या आत अंगठ्यानं पकड घेतली आणि मनात आकडे सुरू झाले. एक, दोन, तीन. सातला टर्रकन आवाज झाला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कान माझ्या मुठीत आणि हत्ती मांडीवर. मी डोळे उघडणार, तोच ती म्हणाली, "उघडू नकोस."

मी अंधारात बसून राहिले. तिचा श्वास ऐकू येत होता. आता हुंदका येईल, नाहीतर तो गेल्या वर्षीचा गोड आवाज येईल. मला दुसऱ्याचीच जास्त भीती वाटत होती. तिची बोटं माझ्या मुठीवर आली, कान चाचपला, मग हत्तीचं डोकं.

"तुझ्या ऑफिसात कान तुटला की काय करतात?"

"नापास करतात."

"मग?"

"मग मोठ्या डब्यात टाकतात."

फ्रिज थांबला, देशात रात्र झाली.

"इथे डबा नाहीये," ती म्हणाली. "आता त्याला अर्धंच ऐकू येणार. तू तोडलास ना, मग उरलेलं तूच सांगायचं. त्याच्याजवळ बसून. सगळं."

बदलीचा हुकूम यावा तसा तिचा निकाल आला. मला हायसं इतकं वाटलं, की हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. त्यानंतर मी हत्तीच्या फाटक्या बाजूला तोंड लावून सगळं सांगत होते. बाजारात भांडं पडलं. समुद्र कुशीवर वळला. ससा शिंकला, म्हणजे टिचकी. तेवढ्यात सासूबाईंनी चादर वर करून विचारलं, "काय गं चाललंय?"

"आई कान झालीये," टिचकी म्हणाली.

"बरं झालं बाई. इतकी वर्षं नुसतं तोंडच होतं," म्हणून त्या गेल्या.

थोड्या वेळानं टिचकी मला टेकून बसली. आवाज खाली आणून म्हणाली, "त्याला सांग, आई ऑफिसला गेली की मी रडत नाही."

मी सांगितलं.

"मी फक्त दाराला कान लावून उभी राहते. लिफ्ट खाली जाते, तिचा आवाज संपतो. मग खालचं मोठं दार वाजतं. ते वाजलं की आई गेली. मग मी खेळायला जाते. आणि संध्याकाळी मला आजीच्या आधी कळतं. लिफ्टमधून खूप लोक येतात. पण आई आली की आधी पिशवी खाली ठेवते आणि मग किल्ली शोधते."

हा ऐकण्याचा देश आंधळ्या हत्तीमुळे झाला असं मी इतका वेळ समजत होते. तो त्या बंद दारामागे झाला होता, माझ्या जाण्यायेण्याच्या आवाजांवर. एवढंसं पोर रोज तिथे उभं राहून शेवटच्या आवाजापर्यंत मला पोचवत होतं.

"सांगितलंस का?"

मी सांगितलं. कसंबसं, कुजबुजत.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मला हे माहीतच नव्हतं."

"नीट ऐकलं नसेल," टिचकी म्हणाली. "परत सांग. जोरात सांग."

मी परत पहिल्यापासून सांगायला लागले, मोठ्यानं, भिंतीपलीकडे झोपलेल्या तिच्या बाबालाही ऐकू जाईल असं.