रिकामा पाळणा हलवू नका

मी पाळणा बोलतोय. तुमच्या डोळ्यांसमोर येतो तसा कड्यांना टांगलेला नव्हे. मी जमिनीवर बसतो. माझ्या पायांना दोन वाकडे पट्टे आहेत, त्यामुळे नुसतं बोट लागलं तरी मी डुलायला लागतो. मनात आलं म्हणून थांबणं मला जमत नाही. माझं सगळं दुखणं तेवढंच आहे.

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात जेकब नावाच्या माणसाने रान तोडून ओंडक्यांचं घर बांधलं, तेव्हा दारातल्या अक्रोडातून मला घडवलं. त्याची मोठी मुलं माझ्यातच वाढली. नंतरची एक मुलगी मात्र पहिला हिवाळासुद्धा काढू शकली नाही. तेव्हापासून त्याच्या बायकोने, हॅनाने, मला कधी रिकामं ठेवलं नाही. सरपणातलं एक लाकूड जुन्या परकरात गुंडाळून ती माझ्यात निजवायची. रिकामा पाळणा हलला तर पुढच्या बाळाला बाधतं, असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं. खरंखोटं मला ठाऊक नाही. पण पुढचं बाळ जगलं आणि हॅना पुन्हा गाऊ लागली.

पुढे लोखंडी खाटा आल्या आणि मी माळ्यावर गेलो. माझ्यात कधी लोकर असे, कधी बटाटे. माझी तक्रार नव्हती. बटाटे का होईनात, पोटात काहीतरी होतं.

मग या घराचं म्युझियम झालं. मला पॉलिश केलं, भोवती दोरी बांधली आणि आतून अगदी स्वच्छ करून ठेवलं. इथली गाइड डोना झालरीची टोपी घालून येते आणि प्रत्येक ग्रुपला सांगते, ‘हॅना असा झोका द्यायची.’ मग बुटाच्या टोकाने मला ढकलते. बाई वाईट नाही. पण तिला हॅनाचं काहीच ठाऊक नाही, आणि मला तोंड नाही.

शहाऐंशीच्या ऑक्टोबरात, झाडांची पानं लाल झाली होती तेव्हा, पिस्कॅटवे नावाच्या गावाहून एक मराठी कुटुंब आलं. गळ्यात कॅमेरा अडकवलेला चारुदत्त, दिवस भरत आलेली त्याची बायको विनीता, आणि तिच्या बाळंतपणासाठी पुण्याहून आलेली चारुदत्तची सरलामावशी. मावशींच्या साडीवर भाच्याचं जाकीट होतं आणि पायात मोज्यांवर चपला. लाकडाला सगळ्या भाषा सारख्याच कळतात, म्हणून उंबऱ्यात चारुदत्त मावशीच्या कानात काय पुटपुटला ते मी ऐकलं. “गेल्या वर्षीच्या बाळाचं काही काढू नकोस हं तिच्यासमोर.”

विनीताला पाहून डोनाला कोण आनंद झाला. तिने दोरी सोडली आणि म्हणाली, या, तुम्हीच झोका द्या, शुभ असतं.

“विनीता, हात लावू नकोस,” मावशी म्हणाल्या. “रिकामा पाळणा हलवत नाहीत.”

“मावशी, हळू बोल,” चारुदत्त म्हणाला. “ती एवढी प्रेमाने ऑफर करतेय, नाही म्हटलं तर रूड दिसेल. एक फोटो काढू नि निघू.”

विनीता हसली. या देशात ती खूप काही शिकली होती, पण गोऱ्या माणसाला नको म्हणणं तेवढं राहून गेलं होतं. तिने माझ्या कडेला हात लावला. मी जीव खाऊन जमीन धरून ठेवली. तरी हललोच. कॅमेऱ्याचा उजेड पडला तेव्हा तिचा दुसरा हात पोटावर होता आणि चेहऱ्यावर हसू नव्हतं.

मावशींनी इकडेतिकडे पाहिलं. हॅनाच्या ओट्यावर लाटणं मांडून ठेवलं होतं. ते त्यांनी सरळ उचललं, स्वतःच्या स्कार्फमध्ये गुंडाळलं आणि माझ्यात निजवलं.

“बारशाला आधी वरवंटा ठेवतो ना आपण, तसं. आता हलव खुशाल.”

विनीताने हलवलं आणि तिला रडू फुटलं. इतक्या वर्षांनी माझ्या पोटात वजन होतं, अगदी हॅनाच्या लाकडाएवढं. मला ओरडून सांगायचं होतं की बाई, या घरात हेच करायचे. पण लाकूड करकरलं, तेवढंच.

पुढचा ग्रुप बोलवायला दाराशी गेलेली डोना धावत आली. वस्तू फार जुन्या आहेत, प्लीज, हात लावू नका. चारुदत्त “सॉरी, सॉरी” म्हणत राहिला. लाटणं ओट्यावर गेलं, स्कार्फ मावशींच्या हातात. पुढचा ग्रुप आत आला आणि डोनाने सवयीने मला पाय लावला. नेमकी तेव्हाच विनीता दारातून मागे वळली. मी रिकामा डुलत होतो आणि ती बघत होती.

ती पुन्हा आली नाही. तुम्हाला कुठे भेटली तर तिला सांगा, हॅनाचं पुढचं बाळ जगलं होतं. सांगा की मी मुद्दाम हललो नाही. आणि बाळ कसं आहे तेवढं विचारा. मला कोण येऊन सांगणार? डोनाचा आवाज ओसरीवर आलाच आहे.