वाचलेलीनं काय सांगावं

माझी बहीण एलिनेड वेल्समधल्या आमच्या न्येफिन गावात टपाल वाटायची. चाळिशी ओलांडली आणि तिच्या उजव्या मांडीत एक गाठ आली. व्हॅनमध्ये सारखं चढता-उतरता स्नायू दुखावला असेल, असं म्हणून तिने ती अख्खा उन्हाळा अंगावर काढली. निघाला सार्कोमा. हा कॅन्सर इतका विरळा, की आमच्या गावच्या डॉक्टरनं सगळ्या नोकरीत दुसरा पाहिला नव्हता. मांडीतलं बरंचसं मांस काढलं, हाडात धातूचा रॉड घातला आणि वर केमो दिली. ती वाचली. पाय मात्र कायमचा फेंगडा पडू लागला.

इस्पितळात तिच्या शेजारच्या खाटेवर नेरिस होती. ती आमच्याच गावची, पोस्टासमोर तिचं केस कापायचं दुकान. इतकी वर्षं दोघींची ओळख मान हलवण्यापुरती होती, ती तिथे घट्ट झाली. नेरिस तिशीतली. तिचा सार्कोमा पोटात, पार मागच्या बाजूला. तिचे केस गेले तेव्हा डोक्यावरून हात फिरवत ती मला म्हणाली, "इफान, दुकानाची जाहिरात कशी काय झालीय? आता गिऱ्हाईक आत येतं का बाहेरच्या बाहेर पळतं ते बघायचं."

पैसे जमवायची कल्पना तिचीच. डॉक्टरांनी तिला सरळ सांगितलं होतं की या आजारावरचं औषध तिच्या जन्माआधीचं आहे. रोगी थोडे, म्हणून नवं औषध शोधायला कोणी फारसा पैसा घालत नाही. "मग आपणच गोळा करू," असं ती एलिनेडला म्हणाली. लोक अशा धाडसाला देणगी देतात, म्हणून पहिल्या वर्षी दोघी गावामागचा डोंगर चढल्या, दुसऱ्या वर्षी बाला गावचं तळं लांबीनं पोहून गेल्या. एप्रिलमधलं पाणी होतं ते. एलिनेडला बाहेर ओढलं तेव्हा तिची बोटं मिटत नव्हती. मी दर वेळी व्हॅन घेऊन हजर. मी कुरकुर करायचो, की तुम्हाला मरायची हौस आणि डिझेल माझं. नेरिस म्हणायची, "मरायची हौस असती तर तुझ्या हातचा चहा प्यायलो असतो."

मग दोघींनी ठरवलं, की वेल्सचा सबंध किनारा धावायचा, उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत. रोज जमेल तेवढं धावायचं आणि वाटेतल्या गावांत बोलायचं. नकाशा एलिनेडच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागला. त्याच हिवाळ्यात नेरिसचं पोट पुन्हा फुगायला लागलं. उघडून बघितलं, एक तुकडा तपासायला काढला आणि परत शिवलं. फेब्रुवारीत ती गेली, आईच्या घरी, पुढच्या खोलीत. शेवटचे काही दिवस मी तिथे जायचं टाळलं नाही, पण त्याबद्दल लिहावंसं वाटत नाही. माणूस इतकं बारीक होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

मे महिन्यात एलिनेड एकटीच निघाली. पाठीवर नेरिसचा फोटो छापलेला शर्ट. या आजारासाठी देणग्या गोळा करणाऱ्या संस्थेनं तो करून दिला होता, आणि बोलायला चार वाक्यंही. तशी ती वाक्यं वाईट नव्हती. लोकांना ती आवडायची, बायका डोळे पुसायच्या आणि देणगीचा डबा भरायचा. कॉन्वीत, बँगोरात, मोनच्या बेटावर ती तेच बोलली. धावत धावत ती न्येफिनला पोचली तेव्हा चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये सगळं गाव जमलं होतं. पोरांनी झेंडे केले होते. नेरिसची आई मेन्ना शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. ती चहाच्या टेबलामागे उभी राहून सुका मेवा घातलेल्या पावाचे काप करत होती.

एलिनेड दमलेली होती. ती नेहमीचंच बोलली. शेवटी म्हणाली, "डॉक्टरांनी आशा सोडली होती, मी नाही सोडली. मी लढले, हार मानली नाही, म्हणून आज तुमच्यापुढे उभी आहे."

टाळ्या झाल्या. त्या थांबल्यावर मेन्नानं हातातली सुरी खाली ठेवली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "म्हणजे माझ्या नेरिसनं हार मानली?"

पाद्री उठले, मेन्नाच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. तिने तो बाजूला केला, कोट चढवला आणि निघून गेली. मागे चहाची किटली उकळत राहिली. ती बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एलिनेडनं बूट बांधले आणि सोडले. मला म्हणाली, आधी मेन्नाकडे चल. मेन्ना बटाटे सोलत होती. तिने दार उघडलं, पण बसा म्हटलं नाही. मी चौकटीतच उभा राहिलो.

एलिनेड म्हणाली, "मेन्ना, काल मी चुकीचं बोलले."

"चुकीचं नाही, खोटं बोललीस," मेन्ना म्हणाली. "तिला वांतीत काळं पडायचं, तरी दुसऱ्या दिवशी उठून सूप मागायची. चमचाभर पोटात ठेवायचा म्हणून तासभर भिंतीकडे बघत बसायची. ही लढाई नाही तर काय होती? तू काय जास्त केलंस गं तिच्यापेक्षा?"

"काही नाही. माझी गाठ मांडीत होती, कापता आली. तिची पोटात होती. एवढाच फरक."

"मग तेवढंच सांग ना लोकांना."

"तसं सांगितलं तर कोणी पैसे देणार नाही, मेन्ना. लोकांना जिंकलेलं माणूस बघायचं असतं."

मेन्नानं एक बटाटा पाण्यात टाकला. "नको देऊ देत. पण माझ्या पोरीचं तोंड पाठीवर लावून हे असलं बोलू नकोस. नाहीतर तो शर्ट काढून ठेव इथे."

एलिनेडनं शर्ट काढला नाही. ती तिथून निघाली आणि दिवसभर धावली. अबेरदारोनला मच्छिमारांच्या क्लबात तिने पहिल्यांदा ते दुसरं सांगितलं, की मी वाचले ती नशिबानं. माझी मैत्रीण माझ्याहून धीट होती आणि ती मेली. औषध नव्हतं म्हणून मेली, आणि अजूनही नाही. एक म्हातारा उठून बाहेर गेला. नंतर कळलं, त्याच्या बायकोवर त्या वेळी उपचार चालू होते. त्या रात्री व्हॅनमध्ये एलिनेड मला म्हणाली, "त्याच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखं वाटलं मला." खरं सांगून एकीला न्याय मिळाला आणि दुसऱ्याचा आधार गेला. आजही मला ते सुटलेलं नाही.

थोड्याच दिवसांत संस्थेतल्या बाईंचा फोन आला. गोड बोलल्या. तुमच्या भावना समजतात, पण भाषणात जरा आशा राहू द्या, देणग्या कमी व्हायला लागल्यात. एलिनेड म्हणाली, आशा असती तर मी धावलेच नसते, टपाल वाटत बसले असते. पुढच्या गावांत गर्दी कमीच राहिली. काही ठिकाणी मात्र भाषण संपल्यावर कोणी कोपऱ्यात गाठून हळूच विचारायचं, तुमची मैत्रीण कशी होती हो? असं विचारणाऱ्याच्या घरी कोणीतरी गेलेलं असायचं. एलिनेड त्यांच्यापाशी खूप वेळ बसायची. मग दुसऱ्या दिवशीचं धावणं उशिरा सुरू व्हायचं आणि मी चिडायचो.

पेम्ब्रोकच्या कड्यांवर तिचा पाय सुजायला लागला. तिथली वाट सारखी खाडीत उतरते आणि लगेच उभी चढते. चढाला ती ठीक असायची, उताराला दात ओठांत रुतवायची. मी म्हटलं थांब. ती म्हणाली, नेरिसला कोणी थांब म्हणायची सोय होती का? मग एके दिवशी सोल्व्हा गावाच्या अलीकडे मी वाट बघत उभा होतो आणि ती येईना. उलट्या दिशेनं चालत गेलो. ती काटेरी झुडपांच्या कडेला बसली होती, तोंड पांढरंफटक. पाय एका वेगळ्याच कोनात पडला होता. रॉडच्या खालचं हाड मोडलं होतं.

हेलिकॉप्टरनं उचलून नेलं. स्कॅन होईपर्यंत आम्हा दोघांच्या मनात एकच होतं, ते परत आलं असणार. तसं नव्हतं, हाड नुसतं झिजून मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, तुम्ही पुन्हा धावणार नाही, कुबड्या सुटल्या तरी खूप झालं. एलिनेड खिडकीकडे तोंड करून पडून राहिली. दक्षिणेचा सगळा किनारा राहिला होता. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या.

शरद ऋतूत, जमवलेले पैसे जिथे जायचे त्या कार्डिफच्या प्रयोगशाळेनं पैसे जमवणाऱ्यांना काम बघायला बोलावलं. एलिनेडला जायचं नव्हतं. तेवढ्यात मेन्नाचा फोन आला. मे महिन्यानंतर ती आमच्याशी बोललीच नव्हती. ती म्हणाली, "त्यांच्याकडे नेरिसचं काहीतरी आहे म्हणतात. मला बघायचंय. तुम्ही जाताय का मी बसनं जाऊ?"

डोंगरांतून सबंध दिवसाचा रस्ता. मागच्या सीटवर एलिनेड पाय आडवा टाकून, पुढे माझ्याशेजारी मेन्ना, मांडीवर पर्स धरून. मेन्नानं एकदा विचारलं, पाय दुखतो का. एलिनेड हो म्हणाली.

तिथे रिअन नावाची तरुण संशोधक आम्हाला आत घेऊन गेली. शेवटच्या ऑपरेशनच्या वेळी नेरिसनं परवानगी दिली होती. त्या तुकड्यातल्या पेशी त्यांनी वाढवल्या होत्या, आणि या आजाराच्या पेशी बाहेर सहसा जगत नाहीत, त्या जगल्या होत्या. रिअन हे सांगताना खुशीत होती. मग तिला आठवलं की समोर कोण आहे. तिने पेशींची काचेची बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि खुर्ची पुढे सरकवली.

मेन्नानं चष्मा काढला आणि वाकून बघत राहिली. एलिनेड कुबड्यांवर तिच्या मागे उभी होती.

"हे म्हणजे नेरिस, का तिचा आजार?" मेन्नानं विचारलं.

"आजार," रिअन म्हणाली.

"हलत नाहीत."

"हळू हलतात. वाढताहेत."

"यांना खायला काय घालता?"

रिअननं गुलाबी पाण्याची बाटली दाखवली. साखर, क्षार, आणखी काहीबाही. दर दोन-तीन दिवसांनी बदलावं लागतं.

मेन्ना सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता म्हणाली, "तिला शेवटी पाणीसुद्धा जात नव्हतं."

मग मेन्नानं विचारलं, औषध घातलं की मरतात का? रिअन म्हणाली, एका नव्या औषधानं काही मरतात, सगळ्या नाही. का ते अजून कळलेलं नाही. माणसाला द्यायला बरीच वर्षं लागतील, आणि कदाचित ते जमणारही नाही.

मेन्ना उठली आणि चष्मा लावला. "मारत राहा," ती म्हणाली. "या जगू नयेत."

बाहेर आल्यावर ती पार्किंगमधल्या कठड्यावर बसली आणि रडली. फेब्रुवारीपासून तिला रडताना मी पाहिलं नव्हतं. एलिनेडला खाली बसता येईना, म्हणून ती शेजारी उभीच राहिली, मेन्नाचं डोकं पोटाशी धरून. पाऊस भुरभुरत होता. मी गाडी जवळ आणली, पण दार उघडलं नाही.

पुढच्या वसंतात एलिनेडच्या फुफ्फुसात ठिपका दिसला. या वेळी मात्र तेच होतं. तो काढला, आणि तिच्या सांगण्यावरून तोही कार्डिफला गेला. आता तिची दर तीन महिन्यांनी तपासणी असते. संस्थेचे लोक बोलवत नाहीत. मेन्ना दुपारी येते आणि दोघी समुद्राच्या बाजूनं हळूहळू चालतात, बाकापर्यंत. काल एलिनेड अर्ध्या वाटेतच धापा टाकत थांबली. मेन्ना तिच्या शेजारी उभी राहिली, आणि मग दोघी परत फिरल्या.