शनिवारचा डबा

"अजून एकच घास," म्हणत मावशीने भिंगरीच्या तोंडात घास कोंबला.

"पोट फुटेल ना गं माझं!"

"फुटू दे. तिकडे काही मिळेल न मिळेल."

मिळणार होतं, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं. वर्षभर दर शनिवारी भिंगरीची सख्खी आई बालकल्याण कार्यालयातल्या भेटीच्या खोलीत डबा घेऊन बसायची आणि पोर घरूनच तुडुंब जेवून गेल्यामुळे डबा तसाच परत जायचा. दोन वर्षांपूर्वी आई आजाराने अंथरुणाला खिळली, तेव्हा न्यायालयाने भिंगरीला मावशीकडे सांभाळायला दिलं. नात्याची नव्हे, आपली म्हणायची मावशी. पण पोरीच्या तापात उशाशी कोण बसलं? डोक्यातल्या उवा कोणी काढल्या? आणि आता ही बाई खडखडीत बरी होऊन हक्क सांगायला हजर! मावशीचा नुसता जळफळाट व्हायचा.

आज भेट नव्हती, निकाल होता. न्यायालयात पोचल्यावर न्यायाधीशबाईंनी भिंगरीला एकटीलाच आत बोलावलं.

"मी येते की सोबत," मावशी उठलीच. "लाजते हो ती."

समुपदेशक बाईंनी तिला थांबवलं. "तिच्याबद्दल ठरवायचं, तर तिचं ऐकायलाच हवं. तेही तुम्ही दोघी समोर डोळे वटारून बसलेल्या नसताना. साऱ्या जगाने मान्य केलेला हक्क आहे मुलांचा."

दोघी बाकाच्या दोन टोकांना बसल्या. आईच्या मांडीवर आजही डबा होता. मेली थकत कशी नाही, मावशीच्या मनात आलं.

थोड्या वेळाने दोघींना आत घेतलं. भिंगरी मोठ्या खुर्चीत पाय हलवत बसली होती.

"तिला आईकडे राहायचंय," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "मलाही तेच योग्य वाटतं."

मावशी दाराकडे वळली.

"पण तिची एक अट आहे. सांग गं, तूच सांग."

"आईला कसा शनिवार होता," भिंगरी म्हणाली, "तसा आता मावशीला द्यायचा."

मावशीला रडू आवरेना. आईने मान डोलावली खरी, पण डब्यावरची तिची बोटं आवळली गेली.

बाहेर आल्यावर मावशीने नाक पुसत विचारलं, "मग शनिवारी जेवायलाच पाठवाल ना? तिच्या आवडीचं करून ठेवते."

आईने भिंगरीला जवळ ओढलं.

"तुम्हाला कशाला उगाच त्रास? घरून जेवूनच येईल ती. पोटभर."